फॅरोचे हरवलेले स्वर

जळगाव, ४ मार्च १९५५
प्राचीन इजिप्तची भाषा कानाला कशी लागत असेल, हे आपणच ठरवायचं. अडचण एकच. ते लोक व्यंजनं लिहीत, स्वर लिहीतच नसत. विद्वान सोयीसाठी मधे ‘ए’ घालून मोकळे होतात. मला हे अप्रामाणिक वाटतं.

११ मार्च
कॉप्टिक या त्यांच्या नंतरच्या भाषेवरून काही स्वर मिळतात. उरलेले कानाने भरायचे. सुदैवाने माझा कान निर्मळ आहे. पुण्याला बी.ए. केलं तेव्हाच गावाकडचा हेल गेला. खरंच गेला ना? पत्नीला विचारलं. सुगंधा म्हणाली, झोपेत नाही गेला. याला पुरावा म्हणता येत नाही.

२ एप्रिल
वाचनालयाचे अध्यक्ष गिरधर वकील यांनी व्याख्यानाला २३ तारीख दिली. म्हणाले, मास्तर, म्हणून दाखवा, लोकांना पटलं तर निबंध आम्ही छापू. माझं पहिलं पुस्तक! मृतांना भाकरी-पाणी अर्पण करण्याचा मंत्र निवडला. तालीम शाळेच्या रिकाम्या वर्गात.

१८ एप्रिल
स्वर बसले. चालही आपोआप सुचली. फार जुनी वाटते. हीच ती.
अखजीसाठी (पुण्यात अक्षय्य तृतीया म्हणतात) आई धुळ्याकडून आली. व्याख्यानाला येते म्हणते. मागे बसावं, काही बोलू नये, असं हळूच सुचवलं. म्हणाली, नही बोलसू, भाऊ.

२३ एप्रिल, संध्याकाळ
मंत्र उत्तम झाला. पहिल्याच ओळीला आईने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मग तिच्या रांगेने. मग पुढचे कापसाचे व्यापारी चपला काढून उभे राहिले. मला वाटलं, उच्चारांचा प्रभाव.
शेवटी गिरधर वकील डोळे पुसत म्हणाले, इजिप्तचं ठाऊक नाही मास्तर, पण आमचे आबा अखजीला निखाऱ्यावर आगारीचा घास टाकून पितरांना बोलवायचे, ते अगदी असंच. मागून आई म्हणाली, याना बाप बी अस्साच म्हने.
छापण्याचं कोणी बोललं नाही.

२४ एप्रिल
शक्यता: इजिप्तचे लोक मूळचे खानदेशातले असावेत. सकाळी पटलं. दुपारी पटेना.

२५ एप्रिल, अखजी
आगारीचा घास टाकताना वडिलांना शुद्ध मराठीत बोलावलं. आईने हात धरला. तसं नही, वाचनालयमा म्हनना तसं म्हन, नहीतं त्यास्ले समजाव नही.
तसं म्हटलं. घास चांगला पेटला. सुगंधा हसली नाही, हे तिचं मोठेपण.
निबंध तूर्त बाजूला. स्वर कुठून घेतले याची तळटीप द्यावी लागेल, आणि ती गिरधर वकील गावभर सांगून बसलेत.