सिग्नलचा आवाज आणि राहतं घर यांबाबत

मी, खाली सही करणारी, इस्पितळातली निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून दृष्टिहीन, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने सांगते आहे. वकीलबाई लिहून घेत आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतकी सवड आमच्या घरात कोणाला नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे, जरा जास्तच शाबूत आहे. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात हे घर अंधांच्या संस्थेला दिलं होतं. संस्था चांगली आहे, पण ते देणं रागाच्या भरातलं होतं.

कलम एक. माझे यजमान पियानो सुरात लावून देत. त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांच्या किल्ल्या, चिमटे आणि नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे पेटीसकट त्यांच्या शिष्येला द्यावेत. तिला एका डोळ्याने थोडं दिसतं, पण तिचा भरवसा कानावर आहे. पेटीतला क्रम बदलू नये. सूनबाईंनी, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, एकदा आवराआवरीच्या उत्साहात तो बदलला, तेव्हा यजमान दिवसभर एकेक किल्ली चाचपत बसले होते आणि सूनबाईंना मात्र म्हणाले, छान स्वच्छ झाली.

कलम दोन. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. नात म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या पुतण्याची मुलगी. तिच्या झोपेचा विषय पुढे येणार आहे, त्यात तिचा काही दोष नाही. बँकेतल्या साहेबांना या कामी शक्य तितका त्रास द्यावा. मी नीट सही करते हे माहीत असूनही त्यांनी भर रांगेत माझा अंगठा मागितला होता. जन्मभर अख्ख्या इस्पितळाचे फोन जोडून दिले आणि शेवटी शाईत अंगठा बुडवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

कलम तीन. यजमानांचा बुद्धिबळाचा पट त्यांच्या मित्राला, ज्याला सगळे भोंगा म्हणतात. आवाज तसाच आहे. पटाला भोकं आहेत, मोहरे खुंट्यांवर उभे राहतात, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक आहे. एक घोडा हरवला आहे, त्याच्या जागी बाटलीचं बूच चालतं.

कलम चार. यात देण्याघेण्याचं काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात कशाला? मी म्हटलं, तोंडाने सांगता आलं असतं तर तुमची फी दिली नसती.

आमच्या घरासमोरच्या चौकात आवाजाचा सिग्नल बसावा म्हणून यजमानांनी अनेक वर्षं खेटे घातले. शेवटी बसला. थांबायचं असलं की खांब संथ टिकटिक करतो, चालायचं असलं की भरभर. दिसणाऱ्यांना ती कटकट वाटते. यजमानांना मात्र त्यामुळे संध्याकाळ मिळाली. काठी घेऊन एकटेच रस्ता ओलांडायचे, पलीकडे भोंग्याच्या दुकानात डाव मांडायचे, एकटेच परत यायचे. उशीर झाला की मी फणफणायची आणि मनातून खूश असायची, कारण बाहेर उशीर करायची मुभा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

मग एका संध्याकाळी ते गेले आणि लगेच परत आले. खांब मुका झाला होता. मी रस्ते खात्यात फोन लावला. तिथले इंजिनिअर अगदी सौजन्याने बोलले. रहिवाशांचा अर्ज आहे, झोपेला त्रास होतो, म्हणून अंधार पडल्यापासून सकाळपर्यंत आवाज बंद केला आहे. आणि रात्री अंध माणसं कशाला बाहेर पडतील? आमच्यासाठी उजाडतं कधी, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. कारण तेवढ्यात ते म्हणाले, पहिली सही तुमच्याच घरातली दिसते.

ती पुतण्याची होती. नात तेव्हा तान्ही होती, मिनिटभर डोळा लावत नव्हती, नवरा-बायको पार पिचून गेले होते. यजमानांना मी सांगितलं, उलटा अर्ज देऊ. ते म्हणाले, "आपल्याच पोराविरुद्ध अर्ज द्यायचा का? बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू."

बाळ मोठं झालं, शाळेत जायला लागलं. बघू म्हणता म्हणता राहून गेलं. भोंगा काही दिवस इकडे येत होता, मग त्याच्या गुडघ्यांनी आमच्या जिन्यापुढे हात टेकले. दोघं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना बसून राहिले. रोज कोणाचा तरी हात मागायचा, परत यायच्या वेळी पुन्हा मागायचा, हे यजमानांना नको होतं. ते गाडीखाली सापडले असते तर निदान चौकशी तरी झाली असती. पुतण्याला वाटलं, काका थकले. त्याने त्यांना मऊ खुर्ची आणून दिली आणि त्यांनी तिचं कौतुक केलं. त्याच खुर्चीत ते गेले.

कलम पाच. राहतं घर पुतण्याला, विनाअट. सिग्नल सुरू केलास तरच घर, असं लिहायचं माझ्या मनात होतं. पण मग त्याने ते घरासाठी केलं असतं. त्याने माझं आजवर सगळं केलं आहे. इस्पितळात त्याचाच हात धरून जाते, आणि त्याची चाल मला लगेच ओळखता येते. फक्त चौथ्या कलमातलं एवढं आम्ही त्याच्यापासून लपवलं.

वाचनाची नोंद. दृष्टिहीन माणसाचं मृत्युपत्र त्याला साक्षीदारांसमोर वाचून दाखवावं, असं वकीलबाईंनी सुचवलं. वाचायला मी मुद्दाम पुतण्याला बोलावलं. पहिली तीन कलमं त्याने हसत वाचली. चौथ्यात, सहीपाशी, थांबला. मी म्हटलं, पुढे वाच. त्याने खुर्चीपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकू, मी आवाज कमी करा म्हणून लिहिलं होतं. बंद करा म्हणून नाही."

मला हे माहीत नव्हतं. यजमानांनाही नव्हतं. आम्ही विचारलंच नाही.

"मला एकदा सांगायचं तरी," तो म्हणाला. "काकांना मी रोज सोडून आलो असतो."

"ते त्यांना नको होतं रे."

तो म्हणाला, उद्याच रस्ते खात्यात जातो. जाईल, मला खात्री आहे, आणि खांब पुन्हा टिकटिकायला लागेल. पण त्या आवाजावर उठून काठी शोधणारं माणूस आता या घरात नाही, मलाही एकटीने पलीकडे जाऊन काय करायचं आहे, आणि हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं असावं. मग त्याने कागद उचलला आणि पाचवं कलम वाचलं.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली.
तारीख: आजची, मंगळवार.
सही: माझी स्वतःची. अंगठा नाही.
साक्षीदार पहिली: शेजारच्या बाई.
साक्षीदार दुसरा: खालचा शिंपी.
लिहून घेणार: वकीलबाई.
वाचून दाखवणार: पुतण्या. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं: सगळं वाचलं. त्या अर्जावर माझी सही होती तेही वाचलं.