घे चेंडू, लेफ्ट्या

९ ऑक्टोबर २०२५

विक्रांतशिवायचा पहिलाच ऑक्टोबर. जूनमध्ये गेला. आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन! त्याच्या मुलीने व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या, मी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. इतक्या वर्षांची दोस्ती आणि एक चित्र! लाज वाटली.

अकरा जणांतले आता दोघं. गोलकीपर अभय पुण्यात, मी इथे सिंगापुरात, पुंगोलला मुलाकडे, वरुणकडे, बाराव्या मजल्यावर. डाव्या कडेला लेफ्ट-आऊट खेळायचो, म्हणून लेफ्ट्या. त्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय.

११ ऑक्टोबर

उद्या बारा. सत्तावन्न साली ह्याच दिवशी कॉलेजने फायनल जिंकली. सीझनची पहिली मॅच चार-शून्य हरलो होतो! निम्मी टीम अनवाणी, घोट्यांना नुसत्या पट्ट्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुम्ही आपले खो-खो खेळा." आणि फायनलला, शेवटच्या मिनिटाला, विक्रांत कोंडीत सापडला, त्याने चेंडू मागे अभयला दिला, अभयने लांब मला, मी निशिकांतच्या डोक्यावर — गोल!

तेव्हापासून दर बारा ऑक्टोबरला चेंडू त्याच क्रमाने फिरतो. आधी पोस्टकार्डं, मग फोन. विक्रांत अभयला, अभय मला, मी निशिकांतला. म्हणायचं फक्त, "घे चेंडू!" निशिकांत गेल्यावर मी विक्रांतलाच फोन करून "गोल!" ओरडायचो. क्रम मोडायचा नाही. नियम म्हणजे नियम.

अभय हल्ली शिष्ट झालाय. पूर्वी तासभर पिळायचा. गेली दोन वर्षं "घे चेंडू, लेफ्ट्या" म्हणतो आणि ठेवून देतो. मीही विचारत नाही. गेला उडत.

१२ ऑक्टोबर

अभयचा फोन तिकडच्या साडेचारला, म्हणजे इथल्या संध्याकाळी सातला. साडेसहालाच कानात यंत्र घालून बसलो. सात. साडेसात. आठ. सूनबाई ऋचा म्हणाली, "बाबा, जेवून घ्या ना, फोन ताटाशेजारी ठेवा." खेकसलो तिच्यावर. उगाच. ऋचाने बिचारीने पोळ्या पुन्हा गरम केल्या.

नाही आला.

१३ ऑक्टोबर

शाळेला निघताना गार्गी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, जस्ट कॉल हिम ला!" चौदा वर्षांच्या नातीला काय सांगू? लेफ्ट-आऊटने मागे पळत जाऊन गोलकीपरच्या हातातला चेंडू मागायचा नसतो.

खरं सांगू? नियमबियम काही नाही. भीती वाटते. फोन वाजत राहिला आणि कोणी उचललाच नाही तर?

१५ ऑक्टोबर

घरात कोणी नाही. एलआरटीत, इथल्या छोट्या लोकल गाडीत बसलो, अख्खा फेरा मारून आपल्याच स्टेशनवर उतरलो. पुन्हा बसलो. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कॉफी घेतली. शेजारच्या टेबलावरचा चिनी म्हातारा हसला, मीही हसलो. दिवसभरात तेवढंच.

आमची ही, सुलेखा, आज असती तर म्हणाली असती, "किती तो हट्ट!" आणि स्वतःच नंबर फिरवून फोन माझ्या कानाला लावला असता.

१६ ऑक्टोबर

अरे! विक्रांत गेला हे अभयला कोणी सांगितलंच नसेल तर? गाढव अजून त्याच्या फोनची वाट बघत बसला असेल! उद्या करतो. नक्की.

१७ ऑक्टोबर

केला. पहिल्याच रिंगला उचलला. "अभ्या, नालायका, विक्रांत गेला रे जूनमध्ये!" पलीकडून आवाज आला, अगदी अभयचाच — "काका, मी कुशल. त्यांचा मुलगा. बाबा जाऊन दोन वर्षं होऊन गेली." गेल्या दोन्ही वर्षी फोन ह्यानेच केला होता! "बाबा म्हणाले होते, लेफ्ट्याचा पास चुकवू नकोस. विक्रांतकाकांना माहीत होतं. यंदा त्यांचाच फोन आला नाही, म्हणून मी आपला थांबून राहिलो."

रडलो. त्याच्यासमोरच, फोनवर. मग म्हटलं, "चेंडू आहे ना तुझ्याकडे? टाक."

"घ्या चेंडू, काका."

"काका काय? नीट म्हण!"

मग म्हणाला, "घे चेंडू, लेफ्ट्या!"