मालक म्हणून माझं नाव

प्रिय दादा,

छोटीला दोन दात आलेत. दिसेल ते चावते. परवा ढब्बूचा कान चावला, तर एवढा दांडगा कुत्रा, पण हूं की चूं केलं नाही बिचाऱ्याने. ह्यांनी त्याला आणला तेव्हा तू हसला होतास, मांजराला घाबरणारी ही कुत्रा काय पाळणार म्हणून. आता तोच माझ्या पायात पायात असतो.

पण दादा, कुठंतरी पाणी मुरत होतं. सुट्टी आली की हे त्याला फिरवायला म्हणून मित्राच्या गाडीतून न्यायचे. परत यायचा तो लंगडत, एकदा तर ओठ फाटलेला. विचारलं तर म्हणे तारेत अडकला. दरवेळी तारेतच कसा अडकतो? दवाखान्यात न्यायचं नाही, चाटून बरं होतं म्हणायचे. आणि त्याला न्यायच्या वेळी ह्यांनी घातलेला शर्ट धुवायला काढला की ढब्बू पलंगाखाली जाऊन मुतायचा.

शेवटी छोटीला कडेवर घेऊन मी गपचूप नेलंच त्याला. जनावरांची डॉक्टरीण जखमा बघून माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच चावले. म्हणाली, हे कुत्र्याचे दात आहेत बाई, ह्याला झुंजीला लावतात, गुन्हा आहे हा, मालक कोण? म्हटलं, आमचे हे. तिने कॉम्प्युटरवर त्याच्या परवान्याची नोंद बघितली तर नाव माझं! मग आठवलं, तुझाच कुत्रा, तूच सही कर, असं लाडाने म्हणाले होते. मी वेडी खूश झाले होते. ती म्हणाली, खाणंपिणं, औषधपाणी, त्याचे हाल होऊ न देणं, सगळं कायद्याने मालकावर, केस झाली तर तुला आधी विचारतील. मला धरून नेलं तर छोटीला कोण बघणार?

मग मी विचारलं, मालक मीच, तर ह्यांना न विचारता मी म्हणेन ते चालेल? ती म्हणाली, चालेल की.

ढब्बूला मी तिथंच ठेवून आले, दादा. कोण नेतं, कुठल्या गाडीतून, सगळं सांगून तक्रारीवर सही केली. घरी सांगितलं, पट्टा तोडून पळाला. ह्यांनी दोन दिवस गल्ल्या पालथ्या घातल्या. आता शोधायचं थांबवलंय. नुसते माझ्याकडे बघत बसतात. माझा फोन ह्यांच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र शेजारच्या शिंपीणबाईंच्या हातून पाठवतेय. फोन करू नकोस, हेच उचलतील. कळवायच्या भानगडीत न पडता सरळ ये, आम्हा दोघींना घेऊन जा.

तुझीच,
धाकटी