तीन किलोंची पिशवी

मंगळवार, १२ मार्च
सकाळी, दुकानातूनच

चि. छटाक,

आशीर्वाद तुला हक्काचेच आहेत, ते धरून चाल. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे आणि माझं डोकं, तिच्या मते, बरं नाही. या पार्सलात पत्राखाली कापडात गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती आधी उघडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर उघड. फोनवर सांगता आलं असतं, पण मी दोन वाक्यं बोललो की तू "बरं बाबा, ठेवते, साहेब आलेत" म्हणतेस आणि खरं सांगायचं तर तेही माझ्या पथ्यावरच पडतं.

आता बातमी. बसली आहेस ना? तुझे वडील, वय वर्षं चौसष्ट, शनिवारी सायकलवरून तळ्यापर्यंत गेले, तिथे तुझ्या तंबूत एक रात्र राहिले आणि रविवारी दुपारी आपल्या पायांनी घरी परत आले. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. शेवटच्या चढावर अर्धा किलोमीटर सायकल ढकलली. तेवढं धरायचं की वगळायचं ते तू ठरव. मी धरलंय.

सामान सगळं तुझंच, माळ्यावरचं. शुक्रवारी काटे दुरुस्त करायच्या टेबलावर मांडून एकेक वस्तू वजन केली. तंबू खुंट्यांसकट सहाशे चाळीस ग्रॅम. झोपायची बॅग आठशे दहा. थंड पेयाच्या डब्यातून तू कापून केलेली ती स्पिरिटची चूल अकरा ग्रॅम. अकरा! पूर्वी मी तिला औषधाच्या बाटलीचं झाकण म्हणून हिणवायचो, तो शब्द मागे घेतो. मग मलाही चेव चढला. टॉवेल अर्धा कापला, साबणाची वडी पाव केली आणि दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीनं उडवला. सात ग्रॅम वाचले. तुझी आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, आधी पोट कमी करा, ब्रश कसला कापताय!"

मी चाळीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त केले. भाजीवाल्यांचे, औषधवाल्यांचे, सोनाराचे. वजन म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं अशी माझी समजूत होती. पण काट्यावर मोजणं वेगळं आणि तेच वजन चढावर स्वतः ओढत नेणं वेगळं. विसाव्या किलोमीटरला मला वाटलं की उरलेला ब्रशसुद्धा फेकून द्यावा.

तळ्यावर पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. चुलीत स्पिरिट ओतलं, काडी लावली, काहीच दिसेना. पुन्हा काडी लावायला वाकलो आणि मनगटावरचे केस गेले. चूल पेटलेलीच होती, उन्हात तिची ज्योत दिसत नाही एवढंच. हे तू मला एकदा सांगितलं होतंस, मी लक्ष दिलं नव्हतं. तुझ्या मगावर आतून दोन रेघा कोरलेल्या आहेत, वरची जेवणाची, खालची चहाची. वरच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं, बाटलीवरच्या खुणेइतकं स्पिरिट ओतलं, भोवती पत्र्याचा आडोसा केला आणि घड्याळ लावून बसलो. पाणी खळाखळा उकळलं आणि त्याच मिनिटाला चूल विझली. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही. वाळवलेल्या भाताच्या आणि भाज्यांच्या पुडीत ते पाणी घातलं, पुडी माझ्या कानटोपीत गुंडाळून बारा मिनिटं मांडीवर धरली. भात मोकळा झाला होता. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं म्हणालो, "ही माझी मुलगी!" पलीकडे मासे धरत बसलेल्या गृहस्थांनी मान वळवून बघितलं. मी त्यांनाही सांगितलं.

एवढी बढाई पुरे. मी का गेलो ते सांगतो.

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की शिवणाचं मशीन शिंपीमामांना देऊन टाका, घरात जागा अडवून बसलंय. मी म्हटलं, असू दे की. तर तू म्हणालीस, "बाबा, मला शिवता येत नाही हे पाच वर्षांपूर्वीच कळलंय, आता कशाला ठेवायचं?" अगदी साध्या आवाजात म्हणालीस, भाजी संपली म्हणावं तशी. मी बरं म्हणालो. मामा येत्या शनिवारी अकरा वाजता टेम्पो घेऊन येणार आहेत.

म्हणून मी मशीनचा खण रिकामा करायला घेतला. बॉबिनी, खडू, कात्री, आणि तळाशी एका पाकिटात चार पट्ट्या. सीटमागच्या पिशवीच्या पट्ट्यांचे नमुने. प्रत्येकीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, तुझ्या अक्षरात. "३ किलो, दोनशे झटके, पास. यापेक्षा जास्त नको."

छटाक, मला हे माहीतच नव्हतं. तू शिवणीला वजन टांगून, झटके देऊन, मोजून बघितलं होतंस हे मला कधी सांगितलं नाहीस, किंवा सांगितलंस आणि मी चुलीसारखंच तेही ऐकलं नाही. मी त्या पट्ट्या घेऊन खालीच बसलो. मग दुकानात गेलो, छताच्या हुकाला एक पट्टी बांधली, तिला तीन किलोंची वजनं टांगली आणि वर उचलून सोडत राहिलो. दोनशे वेळा. खांदा भरून आला, पट्टी हलली नाही. मग दुसरी पट्टी घेतली आणि तिला तीन किलो सहाशे पंचवीस ग्रॅम टांगले. एकसष्टाव्या झटक्याला शिवणीच्या कडेनं कापड उसवायला लागलं. सत्तराव्याला फाटलं. बरोबर तिथंच, जिथं तुझी पिशवी फाटली होती.

आता तू विचारशील, तीन किलो सहाशे पंचवीसच का? हा आकडा मी पाच वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय.

तुझ्या त्या दोन दिवसांच्या सफरीची आदली संध्याकाळ आठव. सायकलच्या दुकानातल्या दाढीवाल्यानं तुला शब्द दिला होता, पिशवी दोन दिवस टिकली तर तुझ्या पिशव्या दुकानात ठेवीन आणि मागच्या खोलीत तुला मशीन लावायला जागा देईन. तू माझ्याच काट्यावर पिशवी ठेवलीस. तीन किलो चारशे दाखवलं. म्हणून तू जाड जाकीट बाहेर काढलंस आणि जादा खाण्याच्या पुड्याही. तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर कडाक्याची थंडी होती. मी म्हटलं जाकीट घे, तू म्हणालीस जमणार नाही. मी पुन्हा म्हटलं, तू पुन्हा नाही म्हणालीस. तुझं बरोबर होतं.

मग मी म्हणालो, "थांब, काटा जरा जास्त दाखवतोय वाटतं, तपासून देतो." काटा आत नेला. त्या काट्याचं बटण दाबून धरलं की तो एक किलोचं वजन मागतो. त्यावर नेमकं एक किलो ठेवायचं, म्हणजे तेच खरं मानून तो पुढचं सगळं मोजतो. मी त्यावर सव्वा किलो ठेवलं. त्या क्षणापासून तो बिचारा सव्वा किलोला एक किलो म्हणू लागला.

तू जाकीट परत घातलंस. पुड्या परत घातल्यास, वर एक जादाही. काट्यानं दोन किलो नऊशे दाखवलं. तू हसलीस आणि म्हणालीस, "बघा, उगाच घाबरले मी. बाबांचा काटा म्हणजे काटा!"

दुसऱ्या दिवशी जुन्या नाक्याजवळच्या दगडी उतारावर पट्टी तुटली, पिशवी मागच्या चाकावर बसली आणि चाकानं ती झोपायच्या बॅगेपर्यंत कापत नेली. तू टेम्पोतून घरी आलीस. कुठं लागलं नव्हतं, एवढंच मी देवाजवळ मागितलं होतं. तू पिशवी माळ्यावर टाकलीस, "माझीच शिवण कच्ची," म्हणालीस आणि शिवून ठेवलेल्या बाकीच्या पिशव्या रात्रीतून उसवून काढल्यास. मी तिथेच उभा होतो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी काय केलं? दुकानात जाऊन काटा पुन्हा एक किलोवर खरा करून ठेवला.

या चाळीस वर्षांत मी कुणाला खोटा काटा लावून दिला नाही. एका व्यापाऱ्यानं मागितला तेव्हा त्याला हाताला धरून पायरीखाली उतरवलं, ती गोष्ट मी तुला शंभरदा ऐकवली असेल. एकच काटा खोटा केला आणि तो तुझ्यासाठी. थंडीची काळजी होती हे खरं. पण तुझं ऐकून घेणं मला जमलं नाही, हेही तेवढंच खरं. आणि याहून वाईट म्हणजे, नंतर मी स्वतःला समजावत राहिलो की सहाशे ग्रॅमनं काय होतंय, पिशवीच कच्ची असेल. पाच वर्षं मी मनातल्या मनात तुझ्या शिवणीला नावं ठेवली, स्वतःला बरं वाटावं म्हणून. त्या चिठ्ठ्या सापडल्या आणि ती सोय संपली.

शनिवारी निघण्याआधी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." पिशवीचं फाटलेलं बूड तिनंच जुन्या तुकड्यानं सांधलं होतं. उसवलेल्या पिशव्यांचे ते तुकडे ती अजून गरम भांडी धरायला वापरते, त्यातला एकही फाटलेला नाही. तुझी चौथी पट्टी तिनं तुझ्याच खुणांवर जोडली. मी पिशवीत तीन किलो भरलं, ग्रॅमही वर नाही, आणि त्याच रस्त्यानं गेलो. रविवारी परत येताना तोच दगडी उतार लागला. मी मुद्दाम सायकल खड्ड्यांतून घातली. दात वाजले, घंटा आपोआप वाजायला लागली. खाली उतरून पिशवी पाहिली. बोटभरही सरकली नव्हती. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो, लिहायला लाज वाटत नाही. आनंदानंही रडलो आणि दुसऱ्या कारणानंही.

तिथून थेट दाढीवाल्याच्या दुकानात. त्यालाही सगळं सांगितलं, चार गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर. तो आधी हसला, मग एकदम थांबला. म्हणाला, "काका, माझ्या दुकानातला काटाही तुम्हीच तपासलाय ना?" ते वर्मी लागलं. म्हटलं, उद्या सकाळी येतो, तुझ्यासमोर पुन्हा तपासून देतो. काल गेलो, वजनांची पेटी घेऊन. काटा खरा निघाला, पण त्यानं पाचही वजनं स्वतःच्या हातानं ठेवून बघितली. ठेवू दिली. मग त्यानं पिशवी उलटीपालटी केली, पट्टी ओढली, टाके भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "ही इथे ठेवून जा." मी म्हटलं, नाही, ही आधी जिची आहे तिच्याकडे जाणार.

तीच आता तुझ्या टेबलावर आहे. उघड. उजव्या पट्टीवर चिखल आहे तो मुद्दाम पुसलेला नाही.

मशीन तुझं आहे, निर्णयही तुझाच. पण शिवता येत नाही म्हणून देत असशील तर ते कारण खोटं आहे, आणि ते मी तयार केलंय. दुसरं काही कारण असेल तर शुक्रवारपर्यंत सांग, मी स्वतः मामांच्या टेम्पोत चढवून देईन. माझ्यावर राग धरलास तर धर. तो पुरेपूर धर, माझं वय बघून कमी करू नकोस.

मला तुझा अभिमान आहे. चुलीचा, मगावरच्या रेघांचा, आणि सगळ्यात जास्त त्या चिठ्ठ्यांचा, "यापेक्षा जास्त नको" लिहिणाऱ्या हाताचा. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण हे वाक्य तोंडातून निघालं की मागोमाग दुसरंही निघेल अशी भीती होती. आता दोन्ही निघाली आहेत.

पत्र पाकिटासकट एकोणचाळीस ग्रॅम भरलं. काटा आज सकाळी पाचही वजनांवर तपासलाय, तुझ्या आईला समोर उभं करून. खरा आहे.

तुझा,
बाबा