राहत्या मोटारीत बिऱ्हाड हलवण्याआधी

मी, क्लोतिल्दे इरासोला, वय एकाहत्तर, विधवा, मूलबाळ नाही, राहणार त्रेस आरोयोस, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या बहिणीने मागितला होता. मी मरायला टेकलेली नाही. सोमवारी जुन्या मोटारहोममध्ये कायमची राहायला जाते आहे, दक्षिणेकडच्या थंड, वाऱ्याच्या मुलखात, आणि मागे काही लोंबकळत ठेवायचं नाही.

एक. घर, परसातल्या लिंबासकट, धाकटी बहीण एर्मिंदा हिला. माझी खोली मात्र तिने तशीच राखू नये, भाड्याने द्यावी. परतायची सोय असली तर मी पहिल्याच थंडीत परतेन. मी मला ओळखते.

दोन. शिलाई मशीन शेजारच्या नोर्माला. बिडाचं आहे, गाडीला झेपत नाही.

तीन. गाडीच्या छतातून निघालेली कुजकी फळी चुलतभाऊ फाउस्तोला. "क्लोते, हे डबडं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं तर मिशी काढीन," असं तो भर पंगतीत म्हणाला होता. छत मी स्वतः उघडलं, पत्रा बसवला, सांधे बुजवले आणि गाडी समुद्रापर्यंत नेऊन आणली. मिशी अजून जागच्या जागी आहे.

चार. मरेन तिथेच मला पुरावं. नवऱ्याशेजारची जागा रिकामी राहू द्यावी. आम्ही दोघं जाणार होतो, पण तो 'पुढच्या वर्षी' म्हणत म्हणतच गेला.

पाच. माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा पेला माझ्यामागे एर्मिंदाचा. जन्मभर आम्ही दोघी त्या एकाच पेल्यातून प्यायलो. गाडी दारात आली त्या दिवशी पहिलाच पेला परत देताना ती "आभारी आहे" म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ, आता माझ्यासाठी पुन्हा भरू नकोस. तेव्हापासून ती आपल्या घरी एकटी पिते. मला याचं फार वाईट वाटतं. तरी मी जाणार.

नोटरीसाहेबांसमोर इथवर लिहून होतंय तोच एर्मिंदा आली. दुसरा साक्षीदार अजून यायचा होता.

"मी करते सही," ती म्हणाली.

नोटरीसाहेब म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. घर हातचं जाईल."

"मग खोडा माझं नाव! ही बया त्या वाऱ्याच्या मुलखात एकटी फिरणार आणि मी इथे हिच्या लिंबाला पाणी घालत बसू? क्लोते, दुसरा पलंग आहे ना गाडीत?"

"आहे गं, पण त्यावर मी पिठाची पोती रचलीत."

"मग उचल ती."

सबब कलम एक आणि पाच रद्द. घर नोर्माला द्यावं; मशीन ठेवायला तिला जागा हवीच होती.

त्रेस आरोयोस, ८ मार्च २०१९.

करून देणार: क्लोतिल्दे इरासोला (सही)

साक्षीदार:
बाउदिलिओ किंतेरोस, बेकरीवाला, राहणार याच गल्लीत (सही)
एर्मिंदा इरासोला, राहणार मोटारीतला मागचा पलंग (सही)