लढाई तिन्हीसांजेला

मंगळवार, ७ एप्रिल
दुपार की तिन्हीसांज, आज पुन्हा तोच वाद. अझहरचं म्हणणं, आमच्या मोबाइलवरच्या खेळातली लढाई भर दुपारी हवी, सगळं स्वच्छ दिसतं. माझं म्हणणं, दुपारी जादू दिसत नाही. मंत्राचा उजेड दिसायला भोवती थोडा अंधार लागतो. तीन महिने मी त्या किल्ल्यावरचा सूर्य मावळतीला अडकवून ठेवला आहे. खेळातला उजेड आणि रंग माझ्याकडे. अझहर प्रोग्रामर, आणि खेळ मूळ त्याच्याच डोक्यातला. त्याचं मत विचारात घ्यावं लागतं.
ठरलं: १७ तारखेला पुण्याच्या प्रकाशक कंपनीतल्या रेवती मॅडमना (यापुढे रे.मॅ.) नमुना पाठवायचा. तोवर फोनवर, उन्हात, नीट दिसली तर तिन्हीसांज राहील. नाही तर दुपार.
मी "ठीक आहे" म्हणाले.

गुरुवार, ९ एप्रिल
अझहर: "आपला खेळणारा एसीत बसत नाही गं. चहाच्या गाड्यावर खेळतो, स्टँडवर खेळतो." हे खरं आहे. म्हणून चाचणी ऑफिसच्या गच्चीवर. रोज दुपारी दीड, वीस मिनिटं, ब्राइटनेस पूर्ण. वहीत तीन रकाने: वेळ, जागा, सावलीतला मूळ उजेड किती ठेवला (० म्हणजे काळोख, १ म्हणजे लख्ख).
आज ०.३० होता. अझहर डोक्यावर ओला टॉवेल टाकून बघत होता. "लई काळं की. किल्ला हाय का म्हैस बसलीय?"
०.३५ केला.

शनिवार, ११ एप्रिल
०.३५ अंधारा. ०.४५ सुद्धा अंधारा. अझहरने प्रत्येक मंत्रात ठिणग्या वाढवल्या, "तेवढंच तर दिसतंय." आता तेवीस मंत्र, तेवीस प्रकारचा लखलखाट. वरातीसारखं वाटतं, असं त्याला सांगितलं.
"मग वाईट काय त्यात?"

सोमवार, १३ एप्रिल
०.६०. गच्चीवर अजून काळंच. खाली मॉनिटरवर मात्र सगळं पाणी घातलेल्या ताकासारखं. ही तिन्हीसांज राहिलेली नाही. दुपारच आहे, फक्त आजारी.
संध्याकाळी घरी नानांनी बघायला मागितलं. वडील माझे, चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात रंगखात्यात. मी काम घरी दाखवत नाही. दोनदा मागितलं म्हणून दाखवलं.
"कोण कुणाला मारतंय?"
"ही गेरू सेना, ही शेवाळ सेना."
"मला दोन्ही माती दिसतात."
आतून अम्मा तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. ते इथे लिहिणार नाही.
मग नाना: "हे पास कुठं केलंस?"
"गच्चीवर. उन्हात."
"फोनचा चटका बसतो का हाताला?"
"बसतो."
"मग कसं चालंल? रंगातनं काढलेलं ओलं सूत गडद दिसतं. वाळू द्यायचं, गार होऊ द्यायचं, मग दारात उभं राहून सॅम्पलला लावून बघायचं. नवीन माणूस घाईत ओल्यावरच बघतो, गडद झालं म्हणून रंग कमी करतो. वाळल्यावर सगळा लॉट फिका."
मी वही उघडली. वेळ आहे. जागा आहे. उजेड आहे. फोन किती गरम, याचा रकाना नाही.

मंगळवार, १४ एप्रिल
सुट्टी. मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायच्या आत ऑफिस गाठलं. अझहरला बोलावून घेतलं, कारण सांगितलं नाही.
एकाच जातीचे दोन फोन. एक गच्चीवर उन्हात, एक कूलरसमोर. पहिली पाच मिनिटं गच्चीवरचा ठीक. सहाव्या मिनिटाला स्क्रीन आपोआप मंद झाली. ब्राइटनेसची पट्टी मात्र पूर्ण, जशीच्या तशी. बाराव्या मिनिटाला कूलरचा फोन वर आणून शेजारी धरला. एकात तिन्हीसांज. दुसऱ्यात म्हैस.
अझहर हसत हसत पाण्याच्या टाकीवर बसला आणि तेवढ्याच वेगाने उठला. टाकीही तापलेली होती.
"म्हणजे आठवडाभर आपण ताप आलेला फोन बघत होतो?"
होय. आणि फोन तापला की मी उजेड वाढवत होते. चूक माझी. चौथा रकाना आखला. मूळ उजेड परत ०.३२.
पण नानांचं दुसरं म्हणणं शिल्लक आहे. गार फोनवरही दोन्ही सेना मातीच. मावळतीचा नारिंगी उजेड गेरू आणि हिरवा, दोन्ही खाऊन टाकतो. हे मला आधी दिसायला हवं होतं. तीन महिने बघून बघून मला कोण कुठे आहे ते पाठ झालं होतं.

बुधवार, १५ एप्रिल
ऑफिसच्या आधी नानांबरोबर कारखान्यात. लहानपणी डबा द्यायला जायचे, त्यानंतर आजच. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. नाना ओरडतात, मी मान हलवते.
त्यांनी एक चादर उलगडली. गडद मरून, शेजारी गडद हिरवा, मधे बारीक पांढरी रेघ. मला शेडच्या पार टोकाला उभं केलं आणि डोळे अर्धे मिटायची खूण केली. मिटले. चादर धूसर झाली, नक्षी मात्र तशीच.
बाहेर आल्यावर म्हणाले, "दोन गडद शेजारी आले की मधे एक पांढरी तार लागती. बघणाऱ्याला वाटतं, त्यानं रंग बघितला."
दिवसभर तेच केलं. प्रत्येक सैनिकाच्या कडेला मागून येणाऱ्या सूर्याची बारीक रेघ. गेरूंना पिवळसर, शेवाळांना निळसर. सावल्यांना हात लावला नाही. मग मंत्र तेवीसवरून सहावर आणले, कारण इतक्या ठिणग्यांत ती रेघ बुडत होती.
अझहर: "माझी वरात उठवली बाईसाहेबांनी."
शत्रूचा राजा येतो तिथे एक वरात ठेवली आहे. तेवढी त्याची.

शुक्रवार, १७ एप्रिल
दुपारी दीड, गच्ची. चार फोन, दर पाच मिनिटांनी बदलून, उरलेले कूलरसमोर. अझहर मी सांगितल्याप्रमाणे डोळे अर्धे मिटून.
"दिसतंय की."
थोड्या वेळाने, न विचारता: "बरं दिसतंय."
हे वहीत लिहून घेतलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "सही पण घे की मग."
चार वाजता नमुना पाठवला. पत्राची पहिली ओळ होती, 'फोन तापवून पाहू नये.' अझहरने ती काढायला लावली. मी शेवटी घातली.

शनिवार, १८ एप्रिल
रे.मॅ. यांचा फोन, अकराला. स्पीकरवर ठेवला. सगळी लढाई दोनदा खेळल्या. सेना ओळखता येतात, मंत्र कुणाचा ते लगेच कळतं, म्हणाल्या. अझहरने टेबलाखाली माझ्या खुर्चीला लाथ मारली. ती अभिनंदनाची असावी.
मग म्हणाल्या, "पण मी सारखी संध्याकाळच बघतेय, तुलना कशाशी करू? सकाळची एक करा. तितक्याच मनापासून करा हं. मंगळवारी दोन्ही शेजारी ठेवू आणि एक घेऊ."
फोन ठेवल्यावर अझहर: "सकाळ म्हणजे निम्मी दुपारच की. निम्मं जिंकलो मी."
मग माझं तोंड पाहून: "अगं, मग सकाळ वाईट कर. जरा फिकी ठेव. कुणाला कळतंय?"
मला कळेल. नानांना एका मिनिटात कळेल.

रविवार, १९ एप्रिल
सहाला घरच्या गच्चीवर. फोन गार (नोंद केली). पूर्वेकडच्या पत्र्यांवर आधी गुलाबी, मग पिवळा उजेड. सावल्या लांब आणि चक्क निळ्या. अकरा मिनिटांत संपलं. मी बावीस फोटो काढले.
दुपारपर्यंत किल्ल्यावर सकाळ केली. सूर्य दुसऱ्या बाजूला, तार दुसऱ्या कडेला, मूळ उजेड ०.३८, तटाखाली थोडं धुकं. धुकं मागितलं नव्हतं. पण ते तिथे असणारच होतं.
नानांना दोन्ही दाखवल्या. दोन फोन घेऊन दारात गेले, बराच वेळ उभे राहिले, डोळे अर्धे मिटून. अम्मा ताट वाढून हाका मारत होती.
"दोन्ही पास."
"नाना, एकच घ्यायची आहे."
"ते मी कसं सांगू? तुझा माल हाय."
मी जेवून परत कामाला बसले. सकाळ पुन्हा पाहिली. कुठे काही उणं सापडतं का, शोधलं. दोन तास.
सकाळ चांगली झाली आहे.
अझहरला अजून सांगितलेलं नाही.