स्तंभावरची आपली माणसं

आदरणीय आप्पांना लंडनहून गौतमीचा मनापासून जय भीम.

मी बरी हाय. जेवणाचं हाल न्हाईत. तुमचा गुडघा कसा हाय?

काल माझ्यासंगं काम करणाऱ्या दिल्लीच्या नर्सनं विचारलं, "तुमच्या कोरेगाव भीमाचा स्तंभ तर इंग्रजांनी बांधला. मग त्याला मान कशाला देता?"

मी म्हणाले, "इंग्रजांनी त्यांचा विजय कोरला असंल. आम्ही तिथं आमची माणसं बघतो."

"एखादं नाव सांग," ती म्हणाली. माझ्या लहानपणी तुम्ही दर वर्षी स्तंभावर बोट ठेवून वाचून घेतलेली महार शिपायांची बावीस नावं तोंडपाठ निघाली. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

एक जानेवारीला गर्दीत आईचा हात सोडू नका.

आप्पा, परक्या मुलखात मी कोण, हे मला सांगता आलं ते तुमच्यामुळं.

तुमचीच,
गौतमी